हाक ऐकू यावी म्हणून : बोटीच्या इंजिनाचा आवाज आणि थरथर कमी करताना

जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या एका गल्लीतून आमची बोट दोन वेळा गेली आणि दोन्ही वेळा आम्हाला काहीही ऐकू आले नाही. तिसऱ्या फेरीत पेट्रोलची टाकी संपली, इंजिन बंद पडले आणि दुसऱ्या टाकीची नळी जोडेपर्यंत जी दीड-दोन मिनिटांची शांतता मिळाली, तिच्यात स्टीलचे ताट वाजवल्याचा आवाज आला. एका कौलारू घराच्या माळ्यावर आजी आणि त्यांचा नातू अडकले होते. सकाळपासून ते आळीपाळीने ताट वाजवत होते, आणि आमची बोट दोनदा अगदी जवळून गेल्याचे त्यांनी सरकवलेल्या कौलांच्या फटीतून पाहिले होते. दोघांनाही सुखरूप बाहेर काढून सोनतळीकडच्या उंचवट्यावर पोहोचवले. आजींनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, बोटीत बसल्यावर एवढेच विचारले, "मघाशी ऐकू आलं न्हाई व्हय रे बाळा?" बोट वळवण्याचा इंजिनाचा दांडा माझ्या हातात होता, त्यामुळे तो प्रश्न मला होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मला पुढचे दहा महिने काम करावे लागले.

आमची बोट तालमीची आहे. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून त्या पुराचा अंदाज यावा. त्यानंतर तालमीच्या मुलांनी वर्गणी काढून चौदा फुटी ॲल्युमिनिअमची बोट घेतली आणि तिच्यासाठी मालवणकडून पंचवीस अश्वशक्तीचे वापरलेले टू-स्ट्रोक इंजिन आणले. बोटीच्या मागच्या भिंतीला बाहेरून अडकवायच्या अशा इंजिनाला बचावकार्यातील सगळेजण 'ओबीएम' म्हणतात, आणि मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे. मी स्वतः उद्यमनगरातील एका यंत्रशाळेत बावीस वर्षे फिटर म्हणून काम करतो. लेथ, बेअरिंग आणि कंपन या गोष्टी माझ्या रोजच्या आहेत. तरीही त्या पुरापर्यंत ओबीएमचा आवाज म्हणजे ओबीएमचा स्वभाव, असे मीही इतरांसारखेच मानत आलो होतो.

फायबरच्या किंवा रबरी बोटीपेक्षा ॲल्युमिनिअमची बोट जास्त का वाजते, हे आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे काम त्यावरच उभे आहे. ॲल्युमिनिअम हलके आणि ताठ असते, पण कंपन स्वतःमध्ये जिरवून टाकण्याची त्याची ताकद फारच कमी असते. दोन-अडीच मिलिमीटरच्या पत्र्याला एका ठिकाणी धक्का बसला की तो धक्का पत्राभर पळतो आणि पत्र्याचा प्रत्येक मोकळा भाग हलगीच्या कातड्यासारखा हवा हलवू लागतो. त्यामुळे आपल्या कानावर येणारा आवाज केवळ इंजिनाचा नसतो. इंजिनाची थरथर त्याला भिंतीवर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमधून मागच्या भिंतीत, भिंतीतून तळाच्या आणि बाजूच्या पत्र्यांत जाते आणि अखेर संपूर्ण बोटच आवाज करू लागते. हे मला पुस्तकी स्वरूपात माहीत होते. प्रत्यक्षात किती हिस्सा इंजिनाचा आणि किती पत्र्याचा, हे शोधायला मात्र वेळ लागला.

सुरुवातीला मी जे केले ते चुकीचे होते, आणि ते मुद्दाम नोंदवतो, कारण या वाटेने जाणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी तेच करतो. दिवाळीनंतर पाणी उतरून नदी शांत झाल्यावर आम्ही इंजिनाच्या टोपाच्या आत जाड फोमची शीट चिकटवली. आवाजात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. उलट टोपातून हवा आत घेण्याची वाट अरुंद झाली आणि इंजिन पूर्ण रेसला दम टाकू लागले. शिवाय गरम होणाऱ्या, पेट्रोलची वाफ असलेल्या आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाक, फिरत असलेल्या जागेत साधा फोम चिकटवणे धोक्याचेही आहे. तो सुटून फ्लायव्हीलमध्ये अडकला असता किंवा पेटला असता. त्याच दिवशी तो सगळा खरवडून काढला.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. कंपन बोटीत उतरू नये म्हणून आम्ही क्लॅम्प आणि मागची भिंत यांच्यामध्ये दहा मिलिमीटरची मऊ रबर शीट घातली. पहिली दहा मिनिटे दांडा हाताला खरोखरच मऊ लागला. चाळीस मिनिटांनी इंजिन एका बाजूला कलल्यासारखे वाटले म्हणून पाहिले, तर रबर दबल्यामुळे क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू हाताने फिरतील इतके सैल झाले होते. सुमारे पन्नास किलोचे इंजिन पुराच्या धारेत बोटीवरून निसटणे म्हणजे काय, याची कल्पना आल्यावर त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही. रबराने कंपन अडते खरे, पण त्यालाही हिशेब आहे. रबरावर ठेवलेली वस्तू स्वतःच्या एका ठराविक वेगाने डोलते. इंजिनाचे धक्के त्या वेगाच्या सुमारे दीडपट किंवा त्याहून जलद असले, तरच रबर ते धक्के अडवते. त्याहून हळू असले, तर रबर ते वाढवते. म्हणजे जलद रेसला गुण देणारे रबर मंद रेसला दोष देऊ शकते, आणि फार मऊ केले तर इंजिन जागेवरच राहत नाही.

या दोन अनुभवांनंतर मी कामाची पद्धत बदलली. आधी मोजमाप, मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा त्याच जागी मोजमाप, असे ठरवले. मोजण्यासाठी दोन साधने वापरली. पहिले म्हणजे मोबाईलमधील आवाज मोजण्याचे ॲप. त्याचा आकडा प्रयोगशाळेसारखा अचूक नसतो, पण तोच मोबाईल, तीच जागा आणि तीच रेस ठेवली तर आधी आणि नंतर यांतला फरक दाखवायला तो पुरेसा असतो. दांडा धरणाऱ्याच्या कानापाशी अर्ध्या रेसला तो ८८ डेसिबल दाखवत होता. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबल ही कानासाठी सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चारच तास. पुरात आम्ही सलग दोन दिवस दहा-दहा तास बोटीवर होतो; रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर कानात जी शीळ घुमत राहायची, तिचा अर्थ मला हे आकडे समोर आल्यावर लागला. कानात बोळे घालणे हा कारखान्यातला उपाय इथे चालत नाही, कारण ज्या कामासाठी बोट काढली ते कामच कानाचे आहे.

दुसरे साधन मला जास्त महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे स्टीलचे ताट. तालमीतला एक मुलगा राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, कसबा बावड्याच्या काठावर ताट घेऊन उभा राहायचा आणि ठरल्या तालात ते वाजवायचा. मी अर्ध्या रेसला काठाला समांतर बोट नेऊन आवाज कुठे ऐकू यायचा थांबतो ते पाहायचो आणि दुसरा मुलगा काठावरून पावले मोजायचा. पहिल्या दिवशी ते अंतर चाळीस पावले भरले. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून इंजिनाचा आवाज परत येतो, तिथे ते आणखी कमी भरणार हे उघड होते.

इंजिनाकडे वळलो तेव्हा माझ्याबरोबर आप्पा होते. उद्यमनगरात डिझेल इंजिनांवर चाळीस वर्षे हात काळे केलेले हे मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून टोक इंजिनाच्या अंगावर टेकवतात आणि डोळे मिटून ऐकतात. इंजिन अंगणातल्या दोनशे लिटरच्या पाण्याच्या पिंपात चालू होते. ओबीएम पाण्याशिवाय चालवले तर थंड करणाऱ्या पंपाचे रबरी चाक काही क्षणांत जळते, म्हणून ही काळजी. आप्पांनी वरच्या सिलिंडरवर टोक टेकवले, मग खालच्या, आणि म्हणाले, "दादा, थरथर कमी करायची ती नंतर बघू. ह्यातला एक गडी कामच करत न्हाई." दोन्ही प्लग काढून पाहिले तेव्हा वरचा विटकरी आणि खालचा कोरडा पांढरट निघाला. कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखे होते, ठिणगीही दोन्हीकडे सारखी होती. दोष खालच्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात होता. पूर ओसरल्यावर पेट्रोल तसेच टाकीत राहिले होते आणि त्याचा चिकट थर जेटमध्ये बसला होता.

इथे थोडा तपशील आवश्यक आहे. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात; मिनिटाला ९०० फेरे असले तर सेकंदाला तीस. दोन्ही सिलिंडर सारखे चालले की हे धक्के समान अंतराने आणि समान जोराने येतात. एक सिलिंडर अडखळू लागला की सेकंदाला पंधराचा एक संथ, आडदांड हेलकावा उरतो, आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे संथ धक्के कोणतेही रबर अडवत नाही. दोन्ही कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, दोघांच्या झडपा एकाच वेळी उघडतील अशा जुळवल्या, प्लग बदलले आणि पेट्रोल-ऑइलचे पन्नासास एक हे प्रमाण मापी भांड्याने ठेवायचा नियम केला. मंद रेसला दांड्यावर ठेवलेला चहाचा कागदी कप पूर्वी खाली पडायचा. आता त्यातला चहा नुसता शहारत होता. या कामाला प्लगच्या किमतीपलीकडे खर्च आला नाही, आणि माझ्या मते ज्याला ओबीएमची थरथर कमी करायची आहे त्याने रबराचे नाव काढण्याआधी हे केलेच पाहिजे.

त्यानंतर पंखा. प्रोपेलरला आम्ही पंखाच म्हणतो. त्याचे एक पाते २०२१ मध्ये पाण्याखालच्या कुंपणाच्या खांबाला लागून टोकाशी वाकले होते. डोळ्याला ते फारसे दिसत नव्हते, पण यंत्रशाळेत पंखा एका सरळ दांड्यावर बसवून तो दांडा दोन समतल धारांवर ठेवला तेव्हा प्रत्येक वेळी तेच पाते खाली येऊन थांबत होते. पाते ठोकून सरळ करण्याचा मोह आवरला, कारण ओतीव ॲल्युमिनिअम वाकवून सरळ केले की त्यात न दिसणारी चीर राहू शकते. नवा पंखा घेतला आणि जुना 'अडीनडीला' असा शिक्का मारून बोटीच्या पेटीत ठेवला.

पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या पातळीत असावी लागते. आमच्या बोटीवर कोणीतरी मागच्या भिंतीच्या माथ्यावर दोन इंच जाड लाकडी फळी ठोकली होती, त्यामुळे प्लेट तेवढीच वर आली होती आणि वळण घेताना पंखा वरची हवा ओढत होता. असे झाले की इंजिन एकदम किंचाळते आणि बोट मात्र पुढे जात नाही. ओबीएमचा धूर पंख्याच्या मध्यातून पाण्याखाली सोडलेला असतो आणि पाणीच त्याचा सायलेन्सर असते. पंख्याभोवती हवा आली की तो सायलेन्सरही निकामी होतो. फळी काढून टाकली. इंजिन खाली आल्यामुळे उथळ पाण्यात ते लवकर टेकते हा तोटा आहे, पण पुराच्या खोल पाण्यात तो पत्करण्यासारखा वाटला.

मग इंजिनाची स्वतःची रबर माउंटिंग. पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसते की ओबीएमच्या पोटात कारखान्यातूनच रबरे बसवलेली असतात. आमच्या इंजिनात वर दोन आणि खाली दोन, अशी चार. इंजिनाचा फिरणारा आणि थरथरणारा सगळा भाग या चार रबरांवर टांगलेला असतो आणि क्लॅम्पला त्याचा थेट लोखंडी स्पर्श होऊ नये ही त्यामागची योजना असते. आम्ही चेन-पुलीने इंजिन उचलले आणि खालची दोन रबरे बाहेर काढली. एक माझ्या तळहातावर होते. त्याचा काळा रंग जाऊन ते राखाडी पडले होते, एका बाजूने तेल पिऊन फुगले होते आणि दुसऱ्या बाजूला नखभर खोल भेगा पडल्या होत्या. अंगठ्याने दाबले तर दबत नव्हते, नख मारले तर टकटक वाजत होते. मधली लोखंडी नळी घसरून बाहेरच्या कड्याला टेकली होती आणि जिथे टेकत होती तिथे चकचकीत खड्डा पडला होता. आप्पांनी ते हातात घेऊन परत माझ्या हातात ठेवले. "ह्याला रबर म्हणू नका आता. दगडावर इंजिन ठेवलंय तुम्ही."

आमच्या गावात रबराचे साचे करणारे कुशल लोक आहेत आणि हुबेहूब तशी चार रबरे दोन दिवसांत पाडून मिळाली असती. तसे करावे की मूळ कंपनीचे सुटे भाग मागवावेत, यावर तालमीत बराच खल झाला. मी मूळ भागांच्या बाजूने उभा राहिलो. ही रबरे नुसते कंपन अडवत नाहीत. पंख्याचा सगळा रेटा इंजिनाकडून बोटीकडे त्यांच्यातूनच जातो. रबर किती मऊ, धातूशी त्याची पकड किती, तेलाला ते किती टिकते, या गोष्टी आकार पाहून कळत नाहीत, आणि पुरात त्यातले एक जरी फाटले तर त्याची किंमत बोटीतल्या माणसांना मोजावी लागेल. विक्रेत्याने पहिल्यांदा दुसऱ्याच मॉडेलची रबरे पाठवली, ती परत करून बरोबर रबरे हातात येईपर्यंत सात आठवडे गेले. त्यांच्यासाठी साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला आणि संपूर्ण खटाटोपात सर्वांत मोठा गुण याच एका बदलाने दिला. अर्ध्या रेसला दांडा धरलेल्या हाताला पूर्वी पंधरा मिनिटांत मुंग्या येत असत. त्या आता तासाभरानेही येत नाहीत.

एवढे होऊनही एका विशिष्ट रेसला, साधारण मिनिटाला २३०० फेऱ्यांच्या आसपास, बोट अजून घुमत होती. शोध घेताना नेमकी हीच रेस आम्ही ठेवतो, म्हणून ते दुर्लक्षून चालणार नव्हते. २३०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे सत्त्याहत्तर स्फोट. पत्र्याचा एखादा भाग नेमक्या त्याच चालीने डोलत असणार, ज्याला अनुनाद म्हणतात, हा अंदाज होता. कोणता भाग ते शोधायला घरातली रांगोळी कामी आली. जाडसर रांगोळी मधल्या बाकावर आणि तळाच्या पत्र्यावर सारखी पसरली, बोट घाटाच्या पायऱ्यांना घट्ट बांधली आणि हळूहळू रेस वाढवत गेलो. २३०० ला बाकाच्या मधली रांगोळी उकळत्या पाण्यासारखी उडू लागली आणि पाहता पाहता कडेला सरकून दोन वाकड्या रेघांमध्ये गोळा झाली. जिथून ती पळाली तो भाग हलतो, जिथे जमली तो स्थिर. बाजूच्या पत्र्यांना रांगोळी टिकत नाही, तिथे तळहात लावून जागा ठरवल्या आणि खडूने गोल काढले. शोधता शोधता तीन ढिल्या रिव्हेटही सापडल्या. त्या वेगळ्याच किणकिणत होत्या.

मोटारींच्या दारांत आतून चिकटवतात ती बुटाइलची डॅम्पिंग शीट या कामाला योग्य आहे. तिच्यात चिकट, जड बुटाइलवर ॲल्युमिनिअमचा पातळ पदर असतो; पत्रा वाकू लागला की मधले बुटाइल दोन पदरांत ताणले जाते आणि कंपनाची शक्ती किंचित उष्णतेत जिरते. ती सगळीकडे लावायची गरज नसते. खडूच्या गोलांच्या मध्यावर, पत्र्याच्या मोकळ्या भागाचा सुमारे तिसरा हिस्सा झाकेल एवढेच तुकडे लावले. त्याआधी पत्रा थिनरने पुसून पूर्ण कोरडा केला, तुकडे हेअर ड्रायरने कोमट करून लाकडी रुळाने दाबले, म्हणजे खाली हवा राहत नाही. तळावर पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवल्या. बाकांच्या पोटात जो तरंगण्यासाठीचा फोम भरलेला असतो, त्याला हात लावला नाही. बोट उलटली तरी बुडू नये यासाठी तो आहे आणि आवाजाच्या नादात त्याच्याशी खेळ करणे मला अक्षम्य वाटते. तळावर रबराच्या पट्ट्यांवर बेतलेली प्लायवुडची फळी आणि वर खाचांची चटई आली. स्पंज किंवा पाणी पिणारा कोणताही फोम नको, आणि तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूडही नको, कारण ओलाव्यात तांबे आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना भिडले की ॲल्युमिनिअम झिजते. सगळे मिळून बोटीचे वजन नऊ किलोंनी वाढले. एका लहान मुलाच्या निम्म्या वजनाएवढा हा भार आहे, म्हणून त्यापुढे एक तुकडाही वाढवू दिला नाही.

क्लॅम्पचा प्रश्न शेवटी असा सोडवला : मऊ शीटऐवजी तीन मिलिमीटरचा कडक पॅड, आणि स्क्रूंच्या जोडीला भिंतीतून आरपार गेलेले स्टेनलेसचे दोन बोल्ट, त्यांना नायलॉनच्या बुश आणि वायसर, आणि आपोआप सैल न होणारे नायलॉक नट. या पॅडने आवाज फारसा कमी होत नाही, पण पकड घट्ट राहते आणि पत्र्यावर ओरखडे पडत नाहीत. टोपाची कड धरणारे वाळलेले रबर बदलले आणि त्याची सैल कडी आवळली, तेव्हा एक कर्कश खडखड एका झटक्यात गेली. मंद रेसला धूर सोडणारे पाण्यावरचे छोटे भोकही बरेच बोलते. ते बुजवावे असे एका मुलाने सुचवले होते. ते बुजवले तर मंद रेसला धुराला पाण्याचा दाब तोडून बाहेर पडता येत नाही आणि इंजिन गुदमरते, म्हणून ते जसेच्या तसे आहे.

मे २०२२ मध्ये त्याच काठावर पुन्हा ताट वाजवले. मोबाईलने अर्ध्या रेसला ८१ दाखवले, म्हणजे सात डेसिबल कमी. ऐकणाऱ्याला हा आकडा लहान वाटेल. परंतु आवाजाची ही मोजपट्टी गुणाकाराची आहे. एकसारखी दोन इंजिने शेजारी असली आणि त्यातले एक बंद केले तरी आकडा केवळ तीनने उतरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, तेव्हा सात डेसिबलची शांतता म्हणजे दुपटीहून जास्त अंतरावरचे ऐकू येणे, असा हिशेब निघत होता. पावले मोजणारा मुलगा काठावरून धावत आला आणि ओरडला, "भावा, नव्वद!" हिशेब आणि पावले एकमेकांशी इतकी जुळल्याचे मला फार समाधान वाटले.

काम इंजिनापाशी थांबवले नाही. ऐकण्याची जबाबदारी आम्ही दांडा धरणाऱ्याकडून काढून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसणाऱ्याकडे दिली, कारण तो इंजिनापासून दहा फुटांहून दूर असतो. त्याने बोलायचे नाही, दोरी सांभाळायची नाही, फक्त ऐकायचे; काही आले की हाताचा पंजा वर करायचा. पंजा दिसला की दांडा धरणारा रेस उतरवून गिअर मोकळा करतो. इंजिन बंद मात्र करत नाही, कारण धारेत बंद इंजिनाची बोट कोणाच्या ताब्यात राहत नाही. पूर्वी मंद रेसची धडधडच इतकी असायची की असे करून उपयोग नव्हता. नदीकाठच्या घरांत उन्हाळ्यात आम्ही शिट्ट्याही वाटतो. शिट्टीचा आणि ताटाचा आवाज इंजिनाच्या घरघरीपेक्षा फार वरच्या पट्टीत असतो, त्यामुळे तो माणसाच्या हाकेपेक्षा कितीतरी लांबून वेगळा कळतो.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा बोट बाहेर काढली. आंबेवाडीच्या बाजूला एका वळणावर नाळेवरच्या मुलाने पंजा वर केला. मी रेस उतरवली, गिअर मोकळा केला आणि मलाही शिट्टी ऐकू आली, दोन घरे सोडून तिसऱ्या गच्चीवरून. पहिल्याच फेरीत.

दांड्याच्या बुडाशी असलेली बुश अजून सैल आहे आणि पूर्ण रेसला ती हाताला जाणवते. ती यंदा मे महिन्यात बदलायची आहे. चार माउंटिंग रबरांवर बसवल्याची तारीख पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे आणि मृग लागण्याआधी दरवर्षी टोप काढून ती अंगठ्याने दाबून पाहतो.